एका फांदीचा प्रवास

नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष हा साधा स्मरणवृक्ष नव्हे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या मैदानावर तो पुढे लावला गेला. भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतील अनुराधपूरहून आणलेल्या तीन फांद्यांपासून तो वाढला.

अनुराधपूरच्या झाडाची कथाही फांदीचीच. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा बोधगयेच्या मूळ वृक्षाची दक्षिणेकडची फांदी घेऊन समुद्रापार गेली. राजा देवानांपिय तिस्साने इ.स.पू. 288च्या सुमारास ती महामेघ उद्यानात लावली. लागवडीचा काळ ठाऊक असलेल्या, माणसाने लावलेल्या झाडांत हे जगातले सर्वांत जुने मानले जाते. ते आपोआप टिकलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षूंनी त्याची राखण केली. अठराव्या शतकात रानटी हत्तींपासून बचावासाठी भोवती भिंत उभी राहिली. कललेल्या फांद्यांना आज टेकू आहेत.

बोधगयेचा जुना वृक्ष मात्र 1876च्या वादळात पडला. तिथे आज दिसतो तो 1881मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी लावलेला.

पिंपळ फांदीपासून रुजतो आणि असे रोप मूळ झाडाचाच जिवंत अंश असते. म्हणून दीक्षाभूमीवर सावलीत टेकलेल्या माणसाच्या डोक्यावर तेवीसशे वर्षे जपलेल्या झाडाचीच पाने सळसळत असतात. ही गोष्ट तिथे जाणाऱ्या प्रत्येक मुलाला कुणीतरी सांगायला हवी.