आउटलुक स्क्रिप्टमधील प्राप्तकर्त्याच्या नावाची निश्चिती

प्राप्तकर्त्याच्या नावाची निश्चिती म्हणजे ई-मेलच्या 'प्रति' रकान्यात लिहिलेले नाव, आद्याक्षरे किंवा पत्ता पत्तावहीतील एका नेमक्या नोंदीशी जोडण्याची प्रक्रिया होय. मायक्रोसॉफ्ट आउटलुक या ई-मेल प्रणालीत वापरकर्ता ही प्रक्रिया 'नावे तपासा' या आज्ञेने, म्हणजे कंट्रोल आणि के या कळा एकत्र दाबून, करतो. हेच काम मॅक्रो किंवा स्क्रिप्टकडून करवून घेताना 'रिझॉल्व्ह' ही पद्धत वापरली जाते. या पद्धतीचे उत्तर केवळ 'होय' किंवा 'नाही' असे असते. 'नाही' या उत्तरामागे एकापेक्षा अधिक कारणे असू शकतात आणि 'होय' या उत्तरातून योग्य व्यक्ती सापडल्याची खात्री मिळत नाही. या क्षेत्रातील बहुतेक दोषांचे मूळ तेथेच आहे.

या लेखात आउटलुकच्या ऑब्जेक्ट मॉडेलमधील घटकांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संहितेत ती रोमन लिपीतच लिहावी लागतात.

स्वरूप

आउटलुकमध्ये प्रत्येक ई-मेलला 'रेसिपियंट्स' नावाचा प्राप्तकर्त्यांचा संग्रह जोडलेला असतो. त्यात 'ॲड' या पद्धतीने मजकूर टाकला की एक 'रेसिपियंट' ऑब्जेक्ट तयार होतो. परंतु या टप्प्यावर तो केवळ मजकूरच असतो. 'रिझॉल्व्ह' पद्धत चालवल्यावर आउटलुक पत्तावहीत शोध घेते आणि यश आल्यास 'रिझॉल्व्ड' हा गुणधर्म सत्य होतो. संग्रहातील सर्व नावे एकदम तपासण्यासाठी 'रिझॉल्व्हऑल' ही पद्धत आहे. तिच्यात एक जरी नाव अनिश्चित राहिले तरी उत्तर 'नाही' येते, व ते नाव कोणते हे प्रत्येक प्राप्तकर्त्याचा 'रिझॉल्व्ड' गुणधर्म पाहूनच कळते.

ई-मेल पाठवायचा नसतानाही निश्चितीची गरज पडते. सहकाऱ्याची सामायिक दिनदर्शिका उघडणारी स्क्रिप्ट प्रथम 'क्रिएटरेसिपियंट' पद्धतीने प्राप्तकर्ता तयार करते, त्याची निश्चिती करते व मगच 'गेटशेअर्डडिफॉल्टफोल्डर' पद्धतीला तो ऑब्जेक्ट देते. मधला टप्पा वगळल्यास दोष दिनदर्शिकेच्या ओळीवर दिसतो आणि अभ्यासक परवानग्या तपासत बसतो, वास्तविक अडचण नावाची असते.

अनेक स्क्रिप्टलेखक हा संग्रह न वापरता 'टू' या गुणधर्मात अर्धविरामांनी विभागलेली नावे थेट लिहितात. ही रीत सोपी दिसते; परंतु त्यात निश्चिती पाठवण्याच्या क्षणी होते. एखादे नाव न ओळखल्यास 'सेंड' या ओळीवर दोष येतो व कोणते नाव अडले हे त्यातून समजत नाही.

शोध कसा चालतो

दिलेला मजकूर पूर्ण ई-मेल पत्त्याच्या स्वरूपात असेल, तर पत्तावहीत तशी नोंद नसली तरी आउटलुक त्याला तात्पुरता पत्ता मानते आणि निश्चिती यशस्वी ठरवते. तो पत्ता अस्तित्वात आहे का, याची चौकशी होत नाही. अक्षरे चुकलेला पत्ताही त्यामुळे 'होय' असे उत्तर मिळवतो आणि चूक कळते ती संदेश परत आल्यावर. चुकलेल्या पत्त्यावर दुसऱ्याच कोणाची खरी टपालपेटी असल्यास तेवढीही सूचना मिळत नाही.

पत्त्याचे स्वरूप नसलेल्या मजकुरासाठी पत्तायाद्या ठरलेल्या क्रमाने धुंडाळल्या जातात. संस्थेची जागतिक पत्तायादी आणि वापरकर्त्याचे वैयक्तिक संपर्क या त्यांपैकी नेहमीच्या दोन होत. हा क्रम प्रत्येकाच्या आउटलुक प्रोफाइलमध्ये वेगळा असू शकतो. म्हणून एकाच स्क्रिप्टला एकाच नावासाठी दोन संगणकांवर दोन निराळी उत्तरे मिळणे शक्य असते.

एक्सचेंज सर्व्हर वापरणाऱ्या संस्थांमध्ये जागतिक यादीमागे ॲक्टिव्ह डिरेक्टरी असते. तिच्यातील शोधाला 'संदिग्ध नाव-निश्चिती' म्हणतात. हा शोध केवळ नावात होत नाही. दर्शनी नाव, पहिले नाव, आडनाव, लॉगइन नाव, ई-मेल पत्ते आणि कार्यालयाचे ठिकाण अशा अनेक रकान्यांत तो एकाच वेळी चालतो, आणि दिलेला मजकूर त्या रकान्याच्या आरंभी असला तरी पुरते. 'जोशी' असा मजकूर दिल्यास पहिल्या वा शेवटच्या नावात जोशी असलेले सर्व जण सापडतात. 'पुणे' हा मजकूर दिल्यास ज्यांच्या कार्यालयाच्या रकान्याची सुरुवात पुणे या शब्दाने होते ते सर्व कर्मचारी सापडतात. विभागाचे नाव समजून एखाद्या शहराचे नाव स्क्रिप्टला दिले आणि भलतीच व्यक्ती मिळाली, असा प्रकार घडतो तो यामुळेच.

मजकुराच्या आरंभी बरोबरचे चिन्ह लावल्यास आरंभ जुळणे पुरेसे ठरत नाही, पूर्ण जुळणी लागते. एलियस म्हणजे संस्थेने दिलेले संक्षिप्त नाव ठाऊक असेल, तर हा उपाय सर्वांत स्वस्त आहे.

उत्तरांचा अर्थ

आउटलुकच्या तळाशी असलेल्या मॅपी या प्रणालीत प्राप्तकर्त्याच्या तीन अवस्था असतात: अनिश्चित, संदिग्ध आणि निश्चित. ऑब्जेक्ट मॉडेलमध्ये येईपर्यंत पहिल्या दोन एकत्र होतात. त्यामुळे स्क्रिप्टला मिळालेला 'नाही' म्हणजे 'असे कोणी नाही' किंवा 'असे अनेक आहेत' यांपैकी काहीही असू शकतो. हाताने नाव तपासताना संदिग्ध नावांसाठी निवडीची खिडकी उघडते व माणूस योग्य नाव निवडतो. 'रिझॉल्व्ह' पद्धत मात्र कोणालाही न विचारता 'नाही' म्हणून थांबते.

'होय' हे उत्तर अधिक धोक्याचे आहे. समजा, एका कार्यालयात मासिक वेतनपत्रके 'कुलकर्णी स' अशा संक्षिप्त मजकुरावरून पाठवली जातात आणि यादीत त्याला जुळणारी एकच व्यक्ती आहे. पुढे त्याच आद्याक्षराची दुसरी कुलकर्णी रुजू झाली, तर मजकूर संदिग्ध होऊन स्क्रिप्ट थांबेल. हा दोष निदान दिसतो तरी. त्यानंतर पहिली व्यक्ती नोकरी सोडून गेली आणि तिची नोंद काढली गेली, की त्याच मजकुराला पुन्हा एकच नोंद जुळते. स्क्रिप्ट पूर्ववत सुरू होते, कोणताही दोष दिसत नाही आणि एकाचे वेतनपत्रक दुसऱ्याच्या हाती पडते. संहितेत एका अक्षराचाही बदल झालेला नसतो.

म्हणून निश्चितीनंतर मिळालेल्या नोंदीचा एलियस किंवा मुख्य ई-मेल पत्ता अपेक्षित मूल्याशी ताडून पाहणे आवश्यक मानले जाते. स्क्रिप्टकडे तुलनेसाठी असे मूल्य आधीच असेल, तर नावाऐवजी तेच का देऊ नये, असा प्रश्न येथे उभा राहतो, व तो रास्त आहे. नावावरून शोध ही माणसांच्या सोयीसाठी केलेली व्यवस्था आहे. अप्रत्यक्षपणे चालणाऱ्या कामांत ती शक्यतो टाळलेली बरी.

मराठी नावांच्या अडचणी

ॲक्टिव्ह डिरेक्टरी मजकुरातील पहिल्या रिकाम्या जागेशी त्याचे दोन भाग करते आणि ते पहिले नाव व आडनाव म्हणून, तसेच उलट क्रमानेही, शोधून पाहते. यामुळे 'सुनील पाटील' आणि 'पाटील सुनील' या दोन्ही रूपांनी शोध यशस्वी होतो. आडनाव आधी लिहिण्याची कचेऱ्यांतील प्रथा येथे अडचण करत नाही.

वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये आले की चित्र बदलते. यादीत 'सुनील पाटील' अशी नोंद असताना 'सुनील वसंत पाटील' असा मजकूर दिला, तर पहिला भाग 'सुनील' व दुसरा 'वसंत पाटील' असा होतो. 'वसंत पाटील' या अक्षरांनी सुरू होणारे आडनाव कोणाचेच नसल्याने शोध फसतो. हजेरीपट किंवा सेवापुस्तकातून घेतलेली तिहेरी नावे स्क्रिप्टला दिल्यास मोठ्या संख्येने 'नाही' येण्याचे हे प्रमुख कारण असते. मधले नाव वगळून पुन्हा शोध घेतल्यास नोंद सापडते, मात्र समान नावांची संख्या वाढून संदिग्धताही वाढते.

दुसरी अडचण लिपीची. यादीतील नावे रोमन लिपीत असतील, तर देवनागरीत दिलेले नाव त्यांच्याशी जुळत नाही. प्रणाली लिप्यंतर करत नाही. रोमन लेखनातही मराठी नावांची एकच प्रमाण रूपे नाहीत. 'विजय' हे नाव दोन वेगळ्या आद्याक्षरांनी लिहिले जाते, तर 'दीक्षित' या आडनावातील 'क्ष' तीन-चार प्रकारे लिहिला जातो. शोध नावाच्या आरंभापासून अक्षरशः जुळवणी करतो, त्यामुळे पहिल्याच अक्षरातील फरक नोंद पूर्णपणे दृष्टीआड करतो.

दोषाचे निदान

पहिली चाचणी स्क्रिप्टच्या बाहेर करावी. तोच मजकूर, त्याच संगणकावर, त्याच वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये नव्या ई-मेलच्या 'प्रति' रकान्यात लिहून कंट्रोल आणि के दाबावे. निवडीची खिडकी उघडली, तर नाव संदिग्ध आहे. काहीच सापडले नाही, तर दोष यादीत किंवा मजकुरात आहे, संहितेत नाही. हाताने नाव सापडते व स्क्रिप्टला सापडत नाही, एवढ्याच स्थितीत संहिता तपासण्यात अर्थ आहे. टंकन करताना खाली उमटणारी सूचनांची यादी मात्र पुरावा मानू नये. ती पूर्वी वापरलेल्या पत्त्यांची साठवण असते. तीत दिसणारे नाव पत्तावहीत असेलच असे नाही.

एक्सेलच्या तक्त्यातून किंवा संकेतस्थळावरून उतरवलेल्या नावांत शेवटी रिकामी जागा, ओळ तोडणारे चिन्ह किंवा न तुटणारी जागा लपलेली असते. ही शेवटची जागा 'ट्रिम' फलनाने निघत नाही, कारण तिचा संकेतांक साध्या जागेपेक्षा वेगळा आहे. मजकुराची लांबी छापून पाहणे हा जुना पण खात्रीचा उपाय होय.

नाव वैयक्तिक संपर्कांत असूनही सापडत नसल्यास, तो संपर्क-फोल्डर पत्तावही म्हणून दाखवण्याचा पर्याय बंद असू शकतो. आउटलुक २००७ पासून प्रत्येक पत्तायादीला 'रिझोल्यूशनऑर्डर' हा गुणधर्म आहे. यादी शोधात कितव्या क्रमांकावर आहे हे तो सांगतो, व यादी शोधात नसल्यास त्याचे मूल्य उणे एक असते. याउलट, एकाच संपर्कात ई-मेल पत्ता व फॅक्स क्रमांक दोन्ही असतील तर पत्तावहीत त्याच्या दोन नोंदी दिसतात आणि एकच माणूस स्वतःशीच संदिग्ध ठरतो. फॅक्स यंत्रे कचेऱ्यांतून हद्दपार झाली, तरी त्यांचे क्रमांक जुन्या संपर्कांत अजून आहेत.

नव्याने रुजू झालेल्या व्यक्तीचे नाव एक-दोन दिवस न सापडणे हा बहुधा दोष नसतो. कॅश्ड पद्धतीत आउटलुक संगणकावर उतरवलेल्या ऑफलाइन पत्तावहीत शोध घेते, आणि ही प्रत साधारणतः दिवसातून एकदा अद्ययावत होते. सोडून गेलेल्या व्यक्तीचे नावही त्याच कारणाने काही काळ सापडत राहते.

'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' ही ओळ संहितेच्या आरंभी असेल तर निदानापूर्वी ती काढून टाकावी. ती असताना फसलेल्या निश्चितीनंतरही पुढच्या ओळी चालत राहतात.

निश्चितीनंतर मिळणारा पत्ता

नाव सापडल्यावर 'ॲड्रेस' गुणधर्म वाचला असता कित्येकदा ई-मेल पत्त्याऐवजी तिरप्या रेघांनी विभागलेली लांबलचक अक्षरमाला मिळते. हा बिघाड नव्हे. नोंदीचा प्रकार एक्सचेंज असल्यास तिचा मूळ पत्ता जुन्या एक्स.५०० धर्तीचा असतो. नेहमीचा पत्ता हवा असल्यास 'गेटएक्सचेंजयूजर' पद्धतीने मिळणाऱ्या ऑब्जेक्टचा 'प्रायमरीएसएमटीपीॲड्रेस' हा गुणधर्म वाचावा लागतो. नोंद वितरण-यादीची असेल तर ही पद्धत रिकामे उत्तर देते. तेथे 'गेटएक्सचेंजडिस्ट्रिब्युशनलिस्ट' वापरतात.

सुरक्षेची अट

मार्च १९९९ मध्ये पसरलेला मेलिसा हा मॅक्रो-विषाणू आउटलुकच्या प्रत्येक पत्तायादीतील पहिल्या ५० नोंदींना स्वतःची प्रत पाठवत असे. मे २००० मधील 'आय लव्ह यू' या विषाणूनेही पत्तावहीचाच उपयोग केला. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने पत्तावही व प्राप्तकर्ते यांना हात लावणाऱ्या बाह्य प्रोग्रामांसमोर परवानगीची खिडकी उभी केली. वापरकर्त्याने नकार दिल्यास स्क्रिप्टला दोष मिळतो. स्क्रिप्ट रात्री आपोआप चालत असेल, तर खिडकीला उत्तर द्यायला कोणी नसते आणि ती त्या ओळीवर अडकून राहते. आउटलुक २००७ पासून, संगणकावर अद्ययावत विषाणूरोधक असल्यास, ही खिडकी सहसा येत नाही. आउटलुकच्या आतील मॅक्रोंनी तेथे उपलब्ध असलेला मूळ 'ॲप्लिकेशन' ऑब्जेक्ट वापरावा. नवा तयार करू नये.

अन्य मार्ग

विंडोजसाठीच्या नव्या आउटलुकमध्ये व्हीबीए मॅक्रो व कॉम-आधारित स्वयंचलन चालत नाही. वर वर्णन केलेल्या पद्धती जुन्या, म्हणजे क्लासिक, आउटलुकपुरत्या मर्यादित आहेत. एक्सचेंज वेब सर्व्हिसेसमधील 'रिझॉल्व्हनेम्स' ही क्रिया आउटलुकशिवाय हेच काम करते. शोध डिरेक्टरीत घ्यायचा, संपर्कांत घ्यायचा की दोन्हींत व कोणत्या क्रमाने, हे तिला सांगता येते. ती जास्तीत जास्त १०० जुळणाऱ्या नोंदी परत देते, आणि नाव न सापडणे व अनेक नावे सापडणे यांसाठी तिच्यात दोन स्वतंत्र संकेत आहेत.