पूर ओसरल्यानंतर : मुलांचे शरीर व मन

कोल्हापूर जिल्ह्यात निरोगीपणाची परीक्षा बहुधा अंगावरून केली जाते. तालमीची परंपरा, घरचे दूधदुभते व शेतीतील कष्ट यांमुळे ‘अंगाने भरलेला तो निरोगी’ ही समजूत घरोघरी रूढ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ पासून अमलात असलेल्या घटनेने आरोग्याचा अर्थ याहून व्यापक केला आहे. रोग नसणे एवढ्याने आरोग्य सिद्ध होत नाही. शरीर, मन व समाजजीवन या तिन्ही ठिकाणी स्वास्थ्य असावे लागते, असा त्या व्याख्येचा आशय आहे. खेड्यातील शाळेला ही व्याख्या किती उपयोगी आहे, हे पुराच्या अनुभवावरून चांगले ध्यानात येते.

ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ या दोन्ही पुरांत राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४३ फूट आहे. करवीर तालुक्यातील चिखली व आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील नदीकाठची गावे यांना दोन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा घरेदारे सोडावी लागली. पुढे पाणी ओसरले, वर्ग धुऊन निघाले, हजेरी सुरू झाली. परंतु हजेरीपटावर ‘हजर’ अशी नोंद झालेले प्रत्येक मूल शिकण्यास समर्थ असतेच, असे नाही.

पुरानंतर शरीरावर होणारे परिणाम सहसा लवकर दिसतात. दूषित पाण्यामुळे जुलाब व कावीळ होते. ओलीत सतत वावरल्याने पायांच्या बोटांत चिखल्या होतात. साचलेल्या पाण्यातील डासांमुळे डेंग्यू फैलावतो. उंदीर व जनावरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या लहानशा जखमेवाटे, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना व लाल झालेले डोळे ही त्याची लक्षणे होत. अशा मुलास विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविले पाहिजे.

मनावरील परिणाम मात्र उशिरा व निराळ्या रूपाने प्रकट होतात. लहान मूल आईचा पदर सोडत नाही, अंथरूण ओले करते, झोपेत दचकून उठते. तिसरी-चौथीतील मूल शाळेच्या वेळी पोट दुखत असल्याचे सांगते, क्षुल्लक कारणावरून भांडते. त्याहून मोठे मूल अबोल होते. पुढच्या पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळू लागल्या व घरात वडीलधारी माणसे “पाणी किती फुटांवर आले?” असे विचारू लागली, की हीच लक्षणे पुन्हा दिसू शकतात.

या दोन प्रकारच्या कारणांची फारकत करता येत नाही. भीती वाटली की मेंदू शरीराला पळण्याच्या वा झुंजण्याच्या तयारीत ठेवतो. ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात वाढतात, छाती धडधडते, पोटाकडे जाणारे रक्त कमी होऊन पचन मंदावते. म्हणून भ्यालेल्या मुलाच्या पोटात खरोखरच दुखते. ते सोंग नव्हे. उलटपक्षी, शरीरात लोह कमी असेल तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते; मूल लवकर थकते, चिडते व त्याचे लक्ष टिकत नाही. जंतांमुळे ही उणीव वाढते. जेवणासोबत चहा घेतल्यास अन्नातील लोह अंगी नीट लागत नाही. लिंबू वा पेरू घेतल्यास अधिक लागते. रात्रीची झोप मोडली तर दिवसा शिकलेले स्मरणात पक्के होत नाही.

यावरून असे दिसेल की, वर्गात पेंगणाऱ्या दोन मुलांपैकी एकाचे रक्त कमी असेल, तर दुसरे भीतीमुळे रात्रभर जागे असेल. दोघांच्या नावापुढे ‘आळशी’ असा शेरा मारल्यास दोघांवरही अन्याय होतो. भीतीने दुखणाऱ्या पोटास बहाणा समजून छडी उगारणे जितके चुकीचे, तितकेच लेप्टोस्पायरोसिसच्या तापाला ‘मूल घाबरले आहे’ म्हणून घरी बसविणे धोक्याचे आहे.

यास्तव शिक्षकाने एक क्रम पाळावा. प्रथम शरीराची चौकशी करावी : ताप आहे काय, सकाळी काय खाल्ले, झोप किती झाली, फळ्यावरचे दिसते काय, हाक ऐकू येते काय. जंतनाशक गोळी मुलाकडून आपल्यासमोर चावून घ्यावी. लोहाची साप्ताहिक गोळी दुपारच्या जेवणानंतर द्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येईल तेव्हा शंका असलेल्या मुलांची यादी तयार असावी. त्याच वेळी मनाचीही दखल घ्यावी. मूल बोलेल तर शांतपणे ऐकावे. पुराची हकीकत सांगण्याची सक्ती मात्र करू नये. प्रार्थना, खेळ व जेवण यांची ठरलेली वेळ मोडू देऊ नये. कारण उद्या काय होणार हे ठाऊक असणे, हाच भ्यालेल्या मुलाचा मोठा आधार असतो. बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही त्रास कायम राहिला, तर पालकांना विश्वासात घेऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. ज्या शिक्षकाचे स्वतःचे घर पुरात गेले असेल, त्यानेही या सेवेचा लाभ घेण्यात संकोच मानू नये.

१९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि खेड्यातील मुलाला शाळेचे दार उघडले. त्या दारातून आत आलेले मूल पोटाने तृप्त व मनाने निर्भय आहे काय, हे पाहणे आजच्या शिक्षकाच्या हाती आहे. त्यासाठी हजेरी घेताना नावाबरोबर चेहऱ्याकडेही क्षणभर पाहावे.