गुत्तेदाराच्या हातात कुठला कागद आहे?

नांदेड-लोहा-अहमदपूर-लातूर हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ असो की गल्लीतली गटार. काम निघालं की मोकळ्या प्लॉटवर खडी पडते, अंगणात मिक्सर उभा राहतो, हायवा वळवायला कुंपण निघतं. मालकानं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सरकारी काम आहे."

काम सरकारी असेल, गुत्तेदार सरकार नाही. आणि राज्यघटनेच्या कलम ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय सरकारलाही कुणाची मालमत्ता घेता येत नाही. महामार्ग कायद्याची ३-अ (भूसंपादनाची) अधिसूचना निघाल्यावर अधिकृत माणसं मोजणीसाठी आत येऊ शकतात, मातीचे नमुने काढू शकतात. तिथं अडवू नये. पण साहित्य टाकणं म्हणजे मोजणी नव्हे. २०१३च्या भूसंपादन कायद्यात तात्पुरत्या ताब्याची सोय आहे, तीही पडीक किंवा शेतजमिनीपुरती, जास्तीत जास्त तीन वर्षं, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत आणि मोबदला देऊन.

सगळ्यात जास्त चालते ती धमकी '३५३ लावू' ही. हे जुनं कलम आता भारतीय न्याय संहितेत १३२ झालंय. त्याला लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. गुत्तेदाराचा सुपरवायझर सहसा लोकसेवक नसतो, आणि शांतपणे कागद मागणं हा हल्लाही नाही.

"तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत," असंही ऐकवतात. हिमाचलात एका विधवेची जमीन १९६७-६८मध्ये रस्त्यासाठी संपादनाशिवायच घेतली होती. तोंडी संमती होती, असा सरकारचा बचाव. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. म्हणून पन्नास वर्षं थांबावं असं नाही! बेकायदा ताबा गेला तर गुत्तेदारावर सहा महिन्यांत दावा करता येतो. त्यात मालकी सिद्ध करावी लागत नाही.

तुमच्या जागेतून विनापरवाना मुरूम उचलला असेल तर आधी तहसीलदारांना लेखी कळवा. बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे ही तक्रार गुत्तेदाराला लवकर झोंबते.

मालकांचाही एक गैरसमज असतो: ओटा, पायऱ्या, पत्र्याचं शेड सगळं आपल्याच हद्दीत. भांडणाआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. तारखेसह फोटो काढा आणि कार्यकारी अभियंता किंवा महापालिकेकडून अर्जाची पोच घ्या. कोर्टात रस्ताच थांबवा म्हणू नका. कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीनंतर पायाभूत प्रकल्प रखडेल असा मनाई हुकूम मिळत नाही. आपल्या जागेतला माल हलवा आणि नुकसान भरून द्या, एवढंच मागा.