रोजनाम्यातील तीच ती ओळ

सर्व्हर या नावाने ओळखला जाणारा संगणक अहोरात्र चालू असतो आणि चालता चालता आपली रोजनिशी स्वतःच लिहीत असतो. कोण आत आले, कोणते काम सुरू झाले, कोणते अडले, हे सारे तारीखवेळेसह ओळीओळीने नोंदले जाते. या रोजनिशीला लॉग म्हणतात. शब्द मूळचा जहाजावरचा. दोरीला बांधलेला लाकडी ओंडका समुद्रात सोडून खलाशी जहाजाचा वेग मोजीत व तो वहीत टिपून ठेवीत; ओंडक्याचे नाव पुढे वहीला मिळाले. महसूल खात्यातील मंडळींना मात्र 'रोजनामा' हा शब्द अधिक जवळचा वाटेल, आणि मलाही तोच सोयीचा आहे; कारण मी भाषा विषयाचा एम. ए., यंत्रशास्त्राशी माझा संबंध फायलीपुरता.

या रोजनाम्याची आजची पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात बर्कली येथे आपल्या टपालविषयक प्रोग्रामसाठी घालून दिली. तीत प्रत्येक नोंदीला शून्यापासून सातपर्यंत गांभीर्याचा दर्जा असतो. शून्य म्हणजे सर्वांत भीषण. पण हा दर्जा प्रोग्राम लिहिणारा गृहस्थ ठरवितो, आणि त्याला तुमच्या कचेरीत कोण खोळंबले आहे याची काय कल्पना? म्हणून निव्वळ दर्जा पाहून नोंदी चाळणे फारसे उपयोगाचे नाही. शिवाय, नित्य येणाऱ्या ओळीची डोळ्यांना सवय होते. इंटरनेटवर उघड्या असलेल्या कोणत्याही यंत्रावर अनोळखी ठिकाणांहून परवलीचा शब्द चुकल्याच्या शेकडो नोंदी रोज दिसतात. त्या दाराची कडी चाचपणाऱ्यांच्या. कुलूप भक्कम असेल तर त्यांनी घाबरण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या गर्दीत खरी तक्रार बुडून जाते. आमच्या बाबतीत नेमके तसेच झाले.

निवृत्तिवेतनधारकांचे अर्ज स्वीकारणारा आमचा एक सर्व्हर होता. नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्यांचा महिना. काउंटरवर एक वृद्ध गृहस्थ तीन दिवस लागोपाठ आले. प्रत्येक वेळी अर्ज अर्धा भरून होई आणि पडद्यावर 'संपर्क होऊ शकत नाही' असे उमटे. चौथ्या दिवशी त्यांनी मला शांतपणे विचारले, "साहेब, मी जिवंत आहे हे सिद्ध व्हायला अजून किती दिवस लागतील?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

रोजनाम्यात एक ओळ जवळजवळ रोज येत होती: 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस', आणि पुढे डेटाबेसचे नाव. अर्थात, स्मृती संपली म्हणून अमुक काम ठार केले. वेळ पहाटे पावणेसहाच्या सुमाराची. साहजिकच आम्ही दोन निष्कर्ष काढले. एक, दोष डेटाबेसचा. दुसरा, पहाटे साडेपाचला निघणारा बॅकअप त्याला कारण. डेटाबेस पुरविणाऱ्या मंडळींना पत्र गेले. बॅकअपची वेळ तीनवर आणली. ओळ मात्र पावणेसहालाच येत राहिली. दिवसा अकराच्या सुमारास होणाऱ्या खोळंब्याचा या पहाटेच्या ओळीशी संबंध असेल, असे कोणालाही वाटले नाही. त्या दोन तक्रारींच्या फायलीसुद्धा वेगळ्या होत्या!

उलगडा केला तो विभागातील एका तरुण तंत्रज्ञाने. त्याने त्या ओळी तेवढ्या निवडून एका कागदावर वार व वेळ मांडली. रविवार एकही नाही, सोमवार सर्वांत जास्त. बॅकअप तर रविवारीही निघे. मग त्याने सर्व्हरचे घड्याळ पाहिले. ते जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले होते. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. म्हणजे रोजनाम्यातले पावणेसहा हे आमचे सव्वाअकरा. बॅकअप घेणारे यंत्र निराळे, आणि त्याचे घड्याळ भारतीय वेळेचे. दोन घड्याळांच्या मधल्या त्या साडेपाच तासांत आमचे तीन आठवडे गेले होते. बरे, जुने रोजनामे तपासावेत तर ते चार आठवड्यांनंतर आपोआप पुसले जातात. महिन्यापूर्वीचा पुरावा हाती राहिलाच नव्हता.

आता उरला डेटाबेसवरील आरोप. येथे लिनक्स प्रणालीची एक रीत समजून घेतली पाहिजे. यंत्रापाशी असते त्याहून अधिक स्मृती ती निरनिराळ्या कामांना मंजूर करून ठेवते. मागणारे सगळेच एकदम खर्च करीत नाहीत, या भरवशावर. अंदाजपत्रकापेक्षा जास्त मंजुऱ्या देणाऱ्या खात्यासारखे. पण सर्वांनी एकाच वेळी खर्चाला हात घातला आणि देण्यासारखे काहीच उरले नाही, की सारे यंत्र बंद पडू नये म्हणून ती कोणातरी एकाचा बळी देते. बळी निवडताना गुणांकन होते, आणि ते प्रामुख्याने एका कामाने किती स्मृती व्यापली आहे यावर. दोषी कोण, हा प्रश्न तेथे विचारलाच जात नाही.

त्या एका ओळीच्या वर, बळी देण्याच्या क्षणी चालू असलेल्या सर्व कामांचा एक तक्ता छापलेला असतो. आम्ही कधी वर पाहिलेच नव्हते. तक्त्यातील आकडे चार किलोबाइटच्या 'पानां'त असतात, हेही आम्हाला ठाऊक नव्हते. दहा हजार पाने म्हणजे सुमारे ४० मेगाबाइट. हिशेब असा निघाला: डेटाबेस एक, सुमारे ३,००० मेगाबाइट, आणि अर्जदारांना पाने पुरविणारे वेब सर्व्हरचे मदतनीस १५०, प्रत्येकी ४०. म्हणजे ६,०००. एकूण ९,०००, आणि यंत्राची स्मृती ८ गिगाबाइट. दीडशे मदतनिसांपैकी प्रत्येक जण एकटा पाहिला तर निरुपद्रवी. आकाराने मोठा दिसणारा एकच, म्हणून तोच मारला जाई. कचेरीत गर्दी वाढली की सर्वांत जास्त काम ओढणाऱ्या कारकुनावरच ठपका यावा, त्यातला हा प्रकार.

दरम्यान एका सल्लागाराने सोपा उपाय सुचविला होता: डेटाबेसला बळीच्या यादीतून वगळा. तशी सोय आहे. उणे एक हजार हा आकडा लिहिला की झाले. त्याने ती विशिष्ट ओळ खचित थांबली असती. मग मदतनीस मरू लागले असते आणि अर्ज अडायचे ते अडलेच असते. दर तासाला डेटाबेस बंद करून पुन्हा सुरू करण्याचा दुसऱ्या एकाचा सल्ला तर मला अजूनही अनाकलनीय वाटतो.

आम्ही मदतनिसांची कमाल संख्या १०० केली. ४,००० आणि ३,००० मिळून ७,०००. उरलेल्या सुमारे एक गिगाबाइटमध्ये प्रणालीने आपला संसार करावा. एकशेएकावा अर्जदार क्षणभर रांगेत थांबतो, पण अर्ध्या अर्जावरून बाहेर फेकला जात नाही. ते वृद्ध गृहस्थ पुढच्या सोमवारी आले, बरोबर सव्वाअकराला, आणि त्यांचा अर्ज एका दमात पूर्ण झाला.

त्याच दुपारी रोजनाम्यात एक नवी ओळ दिसली. वेब सर्व्हर कळवीत होता की मदतनिसांची मर्यादा गाठली आहे, ती वाढविण्याचा विचार करावा. तरुण तंत्रज्ञाने हसत हसत मला ती दाखविली. मर्यादा १०० च का, याचा सारा हिशेब आम्ही त्या आकड्याशेजारीच टिपणात लिहून ठेवला आहे. आमच्या दोघांच्याही बदलीची वेळ जवळ आली होती.