वेगवान मोटारींतील इंजिनाचे शीतन : जालना जिल्ह्यातील पाण्याच्या संदर्भात

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. हा मार्ग जालना व बदनापूर तालुक्यांतून जातो. मोटारगाड्यांना त्यावर ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. त्यामुळे एरवी स्पोर्ट्स कारच्या संदर्भात चर्चिला जाणारा इंजिनाच्या शीतनाचा प्रश्न या जिल्ह्यातही विचारात घ्यावा लागतो.

पेट्रोल इंजिनात इंधनातील ऊर्जेपैकी साधारणतः एक तृतीयांश भागाचेच उपयुक्त कार्य होते. जवळजवळ तेवढीच उष्णता रेडिएटरवाटे बाहेर टाकावी लागते. हवेचा रोध तोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी ८० ऐवजी १२० किलोमीटर वेगाने जाताना ती सुमारे ३.४ पट लागते. अधिक शक्तीच्या इंजिनांत तर लहानशा जागेत फार उष्णता निर्माण होते. पोर्शे ९११ ही मोटार १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हवेने थंड होत असे. पुढे तिलाही पाण्याचाच आश्रय घ्यावा लागला. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. शीतनद्रव्य १०० अंश सेल्सिअसवर असताना बाहेरील हवा २५ ऐवजी ४२ अंश असेल, तर तापमानातील फरक ७५ वरून ५८ अंशांवर येतो आणि रेडिएटरची क्षमता जवळजवळ चतुर्थांशाने घटते.

तथापि येथील खरी अडचण उन्हापेक्षा पाण्याची आहे. बेसॉल्ट खडकातील विहिरींच्या व बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे असतात. तापताच त्यांचे विघटन होऊन कार्बोनेटाचा थर धातूवर बसतो. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम कठीणता धरली, तर १० लिटर पाण्यातून फार तर ५ ग्रॅम क्षार निघतील. एकदा भरलेल्या पाण्याने म्हणूनच विशेष बिघडत नाही. गळती असलेल्या गाडीत वारंवार भर घातली जाते, तेव्हा मात्र क्षार साचत जातात, शिवाय कूलंटमधील गंजरोधक द्रव्येही विरळ होतात. थर बसतो तोही नेमका सर्वांत तप्त ठिकाणी, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये, निकास झडपांच्या आसपास. त्याची उष्णतावाहकता अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पन्नासाव्या भागाइतकीही नसते. परिणामी धातू अतितप्त होतो. पण काटा द्रव्याचे तापमान दाखवीत असल्याने तो बराच काळ निश्चिंतच राहतो! हेड वाकल्यावर किंवा गॅस्केट गेल्यावर दोष उमगतो.

बॅटरीच्या दुकानांत मिळणारे निःक्षार पाणी योग्य प्रमाणात कूलंटमध्ये मिसळणे हा यावरील स्वस्त उपाय आहे. गळती मात्र आधी बंद करावी लागते. वेगाने धावलेली गाडी थांबवताच इंजिन बंद करणेही इष्ट नव्हे. पंप थांबतो, धातूतील उष्णता साचलेल्या द्रव्यात उतरते. त्याच वेळी रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाब एकदम उतरतो आणि दाबाखाली १०० अंशांच्या वर द्रवरूपात राहिलेले पाणी क्षणात उकळून अंगावर उसळते.