पाय क्लचवर, कान गिअरबॉक्सवर

बहादरपूरहून बऱ्हाणपुरात शिरलं की गल्लीबोळांतून पॉवरलूमची खटखट कानावर पडते. त्या खटखटीत एक सुंदर हिशेब दडलाय. धोटा एकदा डावीकडून सुटतो, पुढच्या वेळी उजवीकडून. म्हणजे मागाचा वरचा दांडा दोन फेरे घेईपर्यंत धोटा फेकणाऱ्या खालच्या दांड्याचा एकच फेरा व्हायला हवा. हे मोजतं कोण? कोणीच नाही. खालच्या चाकाला वरच्या चाकाच्या दुप्पट दात असतात, बस्स. सगळी अक्कल दातांच्या संख्येत!

तुमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीतही असाच हिशेब चाललेला असतो. फरक एवढाच, की तो बंद डब्यात चालतो. म्हणून गिअर अडकायला लागला, की आत काय मोडलं असेल आणि किती हजारांना पडेल या धास्तीने माणूस आधीच घामाघूम होतो. पण हा डबा अबोल नाही. तो फार नेमकं बोलतो.

आधी त्याची गरजच का पडली ते बघू. पेट्रोलचं इंजिन मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली गेलं की गुदमरून बंद पडतं. उलट चाकांना शून्यापासून सुरुवात करायची असते. या दोघांचं जमायचं कसं? छोट्या गाडीचा पहिला गिअर साधारण साडेतीनास एक असतो आणि पुढे डिफरन्शिअल वेग आणखी चौपट कमी करतं. साडेतीन गुणिले चार, म्हणजे इंजिनाचे १४ फेरे झाले की चाकाचा एक. इंजिन ३००० वर फिरत असेल तर गाडी ताशी जेमतेम २३ किलोमीटरने चालते, पण चाकाला मिळणारा पीळ जवळजवळ १४ पट होतो! तेच इंजिन, तेच ३००० फेरे, फक्त पाचवा गिअर टाका, की गाडी शंभरावर. केळीने भरलेले ट्रक असीरगडच्या बाजूने सातपुडा चढतात ते दातांच्या याच गुणाकाराच्या जोरावर. विजेची मोटार मात्र शून्य फेऱ्यांपासूनच जोर लावते. म्हणून विजेच्या गाड्यांना बहुधा एकच गिअर पुरतो.

आता खरी गंमत. गिअर बदलताना आत काय होत असेल? एक चाक सरकतं आणि दुसऱ्याच्या दातांत जाऊन बसतं, असंच ना? पूर्वी तसंच होतं. आजच्या गाडीत तसं होत नाही. गाडी पुढे नेणाऱ्या सगळ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्याच असतात, तुम्ही न्यूट्रलमध्ये उभे असलात तरीही! प्रत्येक जोडीतलं एक चाक दांड्यावर नुसतं मोकळं फिरत असतं. तुम्ही दांडी ओढता तेव्हा त्यातल्या एकाला दांड्याशी कुलूप लागतं, एवढंच. म्हणजे गिअर टाकताना ‘कर्रर्र’ झालं, की दात गेले असं आपण म्हणतो, तेव्हा मोठे दात सुखरूप असतात. ओरडतात ते या कुलपाचे बारके दात.

कुलूप लागायचं तर दोन फिरत्या वस्तूंचा वेग एक व्हायला हवा. चालत्या रेल्वेत चढणारा माणूस आधी फलाटावर डब्याच्या वेगाने धावतो, मगच पायरी धरतो. गिअरबॉक्समध्ये हे धावणं करते एक पितळी कडी, सिंक्रो रिंग. ती फिरत्या चाकाच्या शंकूवर दाबली जाते, घासते, वेग जुळवते आणि मगच वाट मोकळी करते. हे सगळं सेकंदाच्याही आत उरकतं, आणि तेही तेलात बुडून! तेलात घर्षण कसलं? त्यासाठी कडीच्या आतल्या बाजूला बारीक आटे कोरलेले असतात. ते तेलाचा पापुद्रा क्षणात बाजूला सारतात. म्हणूनच ‘कुठलंही गिअर ऑइल चालतं’ हे खरं नाही. कंपनीने सांगितलेलंच घालावं. १९२८ साली कॅडिलॅकने ही सोय आणली, त्याआधी गिअर बदलताना ड्रायव्हरला दोनदा क्लच दाबून, मध्ये रेस देऊन, वेग कानाने जुळवावा लागे.

हे एवढं कळलं की अर्धं निदान घरच्या अंगणातच होतं. कर्रर्र एकाच गिअरला होतंय का? मग त्या गिअरची कडी झिजली असणार. सगळ्याच गिअरना होतंय? तर पाचही कड्या एका दिवशी कशाला झिजतील! क्लच पूर्ण सुटत नाहीये. इंजिन बंद करून गिअर टाकून बघा. बंद असताना लोण्यासारखे पडत असतील आणि चालू केल्यावर अडत असतील, तर दोष बहुधा डब्याबाहेर आहे. केबल सैल झाली असेल किंवा क्लचचं हायड्रॉलिक तेल गळत असेल. रिव्हर्सला तर बऱ्याच गाड्यांत सिंक्रो नसतोच. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून क्षणभर थांबा आणि मग टाका. रिव्हर्सचा घूंऽऽ आवाजही बहुतेक वेळा आजार नसतो, त्याचे दात सरळ कापलेले असतात, बाकीच्यांचे तिरके.

त्याहून भारी परीक्षा नुसत्या कानाची आहे. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, क्लच सोडलेला. घरघर ऐकू येतेय आणि क्लच दाबताच थांबतेय? मग डब्यात शिरणाऱ्या दांड्याच्या बेअरिंगवर संशय घ्या, कारण क्लच दाबल्यावर तो दांडाच थांबतो. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतोय? मग क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. एकही बोल्ट न उघडता बंद डब्यातला गुन्हेगार सापडतो, ही मला यंत्रशास्त्रातली सर्वांत देखणी युक्ती वाटते.

चढावर इंजिन बोंबलतंय पण गाडी वेग घेत नाही, वर जळका वास? क्लच स्लिप मारतोय. सपाट जागी, समोर कोणी नसताना, हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून तिसऱ्या गिअरला क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. तरी चालूच राहिलं, तर क्लचची प्लेट घसरतेय. ही परीक्षा एकदाच करा, प्लेट तापते. बऱ्हाणपुरातल्या शनवाऱ्याच्या गर्दीत हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची सवय प्लेटला सर्वांत लवकर खाते, हे मात्र मिस्त्रीने सांगायची वाट बघू नका. चालता चालता गिअर आपोआप सुटत असेल तर लगेच दाखवा. घाट उतरताना असं झालं की इंजिनचा ब्रेक हातचा जातो आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे तर हा धोका हौसेने ओढवून घेतात.

२०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओने गिअर आपोआप बदलणारी स्वस्त एएमटी आपल्याकडे आणली. तिला क्लचचं पेडल नाही, पण आत क्लच आहेच. पायाऐवजी यंत्र तो दाबतं. म्हणून तिची प्लेटही झिजते. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकचं दुखणं तेलात दिसतं. ‘डी’ला टाकल्यावर गाडी उशिराने झटका देऊन निघाली किंवा तेल काळपट होऊन जळका वास मारू लागलं, तर प्रवास पुढे ढकला. बंद पडलीच तर चालवणारी चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. इंजिन बंद असताना आतला पंप तेल फिरवत नाही.

गॅरेजमध्ये गेल्यावर ‘गिअरबॉक्स गेलाय’ असं म्हणू नका. कोणत्या गिअरला होतं, क्लच दाबलेला असताना की सोडलेला, गाडी थंड असताना की तापल्यावर, एवढं सांगा. आणि क्लच प्लेट बदलायची ठरलीच, तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदलून घ्या. यांपैकी काहीही बदलायचं तरी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि ती मजुरी दोनदा द्यायचं काही कारण नाही.