रोमिओ चंद्राची शपथ घेतो, ज्युलिएट लग्नाची वेळ विचारते

'रोमिओ अँड ज्युलिएट'चा विषय निघाला की सोशल मीडियावर दोन ठरलेली मतं दिसतात. एक, ही जगातली सर्वांत थोर प्रेमकथा. दुसरं, तेरा वर्षांची अल्लड पोर, चार दिवसांचं प्रेम आणि नाहक गेलेले जीव. दोन्हींत ज्युलिएट वाहवत गेलेली मुलगीच ठरते. नाटकाची प्रस्तावनाही ग्रहताऱ्यांकडेच बोट दाखवते. पण शेक्सपिअरने तिच्या तोंडी घातलेल्या ओळी कशा रचल्या आहेत ते पाहिलं, तर निर्णय घेणारी मुलगी दिसू लागते.

आधी छंदाविषयी थोडं. नाटकाचा बराचसा भाग दहा अक्षरांच्या ओळींत आहे. एक अक्षर हलकं, पुढचं जोराचं, अशा पाच जोड्या. मराठी वृत्तांत लघु-गुरू उच्चाराच्या लांबीवरून ठरतात, इंग्रजीत आघातावरून. हा ठेका एकदा कानात बसला की तो कुठे मोडतो तेही ऐकू येतं.

सुरुवातीला ज्युलिएट फारशी बोलतच नाही. दाई आणि आई बोलत सुटतात. लग्नाचा विषय निघाल्यावर 'या मानाचा मी विचारच केला नाही' अशा अर्थाचं एका ओळीचं सभ्य उत्तर ती देते.

त्याच रात्री मेजवानीत तिची रोमिओशी भेट होते आणि दोघांच्या संवादातून चक्क चौदा ओळींचं सुनीत तयार होतं. त्या काळच्या प्रेमसुनीतांत बहुधा पुरुष बोलायचा आणि स्त्री गप्प राहून स्तुती ऐकायची. इथे पहिल्या चार ओळी रोमिओच्या, पुढच्या चार ज्युलिएटच्या. तो स्वतःला यात्रेकरू आणि तिला पवित्र मूर्ती म्हणत चुंबन मागतो. ती तीच उपमा उचलून म्हणते, यात्रेकरूंचे तळहात एकमेकांना लागतात, तेच त्यांचं चुंबन. त्याचं एक यमकही ती जसंच्या तसं वापरते.

गच्चीच्या प्रसंगात रोमिओ चंद्राची शपथ घेऊ लागतो. ती त्याचं वाक्य अर्ध्यावर तोडते: रोज आकार बदलणाऱ्या चंद्राची शपथ काय कामाची? तो पुन्हा सुरू करतो, ती पुन्हा तोडते. मग लग्नाचा विषय तीच काढते. उद्या माणूस पाठवते, कुठे आणि किती वाजता ते कळव. इतक्या काव्यमय प्रसंगात सर्वांत व्यवहारी वाक्य तिचं आहे.

गुपचूप लग्न झाल्यावर ती एकटीच रात्रीची वाट पाहते. इंग्रजीत वधूवरांसाठी विवाहगीत रचण्याची परंपरा होती. आपल्या मंगलाष्टकांसारखीच तीही इतरांनी म्हणायची. इथे वधू स्वतःच म्हणते, तेही आज्ञा देत. पहिल्याच शब्दाला ठेका उलटतो, जोर पहिल्या अक्षरावर येतो. मग 'ये, ये' असं ती रात्रीला आणि रोमिओला पुन्हा पुन्हा बजावते. शेक्सपिअरच्या रंगभूमीवर ही भूमिका मुलगाच करत असे. (बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको.)

पुढे तिचा मामेभाऊ टिबॉल्ट रोमिओच्या हातून मारला जातो, रोमिओ हद्दपार होतो. आई रोमिओला शिव्याशाप देते, तेव्हा ज्युलिएट उत्तरात 'मेलेला' हा शब्द ओळीच्या अगदी टोकाला ठेवते. तो मागच्या ओळीला जोडला तर रोमिओ मेलेला बघायची इच्छा, पुढच्या ओळीला जोडला तर तिचं स्वतःचं मेलेलं मन. आई पहिला अर्थ घेते, प्रेक्षक दुसरा. आईशी धडधडीत खोटं न बोलता तिने पतीची बाजूही सोडलेली नाही.

मग घरचे तिचं लग्न पॅरिसशी ठरवतात. दोघांची गाठ धर्मगुरूंच्या खोलीत पडते. इथेही संवाद एकेका ओळीचा आहे, मेजवानीतल्यासारखाच झटपट. पण तेव्हा ती रोमिओसोबत कविता बांधत होती. इथे पॅरिसची प्रत्येक ओळ त्याच्याच शब्दांनी परतवते. तो तिला 'माझी पत्नी' म्हणतो, ती म्हणते, 'पत्नी होईन तेव्हा.' पॅरिसला यातला नकार ऐकूच येत नाही.

शेवटी ती थडग्यात जागी होते, तेव्हा शेजारी रोमिओ मेलेला आहे. मरण्याआधी तो चाळीसहून अधिक ओळी बोलून गेला आहे. धर्मगुरू तिला जोगिणींच्या मठात ठेवायला तयार आहेत. ती एका ओळीत त्यांना जायला सांगते. त्यानंतर तिच्या वाट्याला दहाच्या आसपास ओळी येतात. बाहेर पहारेकऱ्यांची चाहूल लागते आणि आता थोडक्यात आटोपते, असं ती स्वतःच म्हणते.